मोइसेस विल: जमीन मिळाली, पण गाव कसं वसलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रशियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांनी अर्जेंटिनात मोइसेस विल नावाचं शेतकऱ्यांचं गाव वसवलं. बॅरन हिर्शसारखा धनाढ्य माणूस पाठीशी होता, जमीन सपाट आणि सुपीक होती, जवळून रेल्वे जात होती. तरीही तीन पिढ्यांत बहुतेक ज्यू कुटुंबं गाव सोडून शहरात गेली. ज्यू मुळात शेतकरीच नव्हते, म्हणून असं झालं का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. मी तीस वर्षं पुनर्वसनाच्या कामात घालवली. धरणात गेलेल्या गावांसाठी नवी गावठाणं आखणं, जमिनीचं वाटप करणं, वाटपानंतरची दहा-पंधरा वर्षं तिथे जाऊन बसणं, हेच काम. मोइसेस विलचा इतिहास मी पहिल्यांदा वाचला तो या कामाच्या मधल्या काळात, आणि तेव्हापासून तो मनातून गेला नाही. जमीन देणं आणि गाव वसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी 'ज्यू शेतकरी नव्हते' या समजुतीबद्दल. मराठी माणसाने तरी ती पटकन मान्य करू नये. आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोक शतकानुशतकं खेड्यांत राहिले, तेलाचे घाणे चालवले, शेती केली. शनिवारी, म्हणजे धर्माने ठरवलेल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. रशियाच्या साम्राज्यातही खेर्सोनच्या गवताळ मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या. पण बहुसंख्य ज्यूंना साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्यातच राहण्याची मुभा होती. 1881 मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली, त्यानंतर दंगली उसळल्या, आणि 1882 च्या मे महिन्यातल्या कायद्यांनी ज्यूंना खेड्यांत नव्याने वस्ती करायला आणि तिथे जमीन घ्यायला मनाई केली. ज्याला कायद्याने बांधावर उभं राहू दिलं नाही, त्याला शेती येत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

आता गावाकडे येऊ. पोदोलिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या कामेनेत्स-पोदोल्स्कच्या आसपासच्या काही ज्यू कुटुंबांनी ठरवलं की इथून निघायचं आणि शेतीच करायची. 1887 मध्ये त्यांचे प्रतिनिधी आजच्या पोलंडमधल्या कातोवित्से इथे जमले. मनात पॅलेस्टाईन होतं. त्यासाठी मदत मागायला त्यांचा प्रतिनिधी एलिएझर कौफमान पॅरिसला गेला, पण ती मदत मिळाली नाही. पॅरिसमध्येच अर्जेंटिना सरकारची माहिती कचेरी होती. अर्जेंटिनाला माणसं हवीच होती. 1881 मध्येच राष्ट्राध्यक्ष रोका यांनी रशियातल्या ज्यूंना आणण्यासाठी खास प्रतिनिधी नेमला होता. कचेरीतून एका दलालाची गाठ पडली, आणि राफाएल एर्नांदेस नावाच्या जमीनमालकाच्या ला प्लाता शहराजवळच्या जमिनीचा करार झाला. पैसे भरले गेले.

ब्रेमेनहून निघालेलं वेझर हे जहाज 14 ऑगस्ट 1889 ला बुएनोस आयरेसला लागलं. त्यात आठशे वीसच्या आसपास माणसं होती, सुमारे 136 कुटुंबं. उतरल्यावर कळलं की जमीन मिळणार नाही. करार आणि आगमन यांच्या मधल्या काळात जमिनीचे भाव भडकले होते आणि मालकाने हात वर केले होते. माझ्या कामात मी हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे. ट्रकमधून सामान उतरतं, आणि दाखवलेली जमीन दुसऱ्याच्या ताब्यात निघते. त्या दिवशी बाया काय करतात, म्हातारे कुठे बसतात, मुलं कशी गप्प होतात, हे ज्याने पाहिलं त्याला 14 ऑगस्टचा तो धक्का वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग पेद्रो पालासिओस या वकील-जमीनदाराने सांता फे प्रांतातली आपली जमीन देऊ केली. बुएनोस आयरेसपासून वायव्येला सुमारे 600 किलोमीटर, तुकुमानकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गालगत. कागदावर बैल होते, अवजारं होती, राहायला निवारा होता. प्रत्यक्षात लोकांना पालासिओसच्या स्टेशनाजवळ मालगाड्यांच्या डब्यांत आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं गेलं, आणि आठवड्यांमागून आठवडे जात राहिले. रेल्वेचे मजूर येता-जाता मुलांना खायला देत, त्यावर दिवस निघत. त्यात साथ आली. साठहून अधिक मुलं दगावली. शवपेट्यांना लाकूड नव्हतं, म्हणून लहान मुलांना रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत घालून पुरलं, असं त्या लोकांच्या पिढ्या सांगत आल्या आहेत.

बरीच कुटुंबं इथेच फुटली. कोणी रोसारिओला गेलं, कोणी बुएनोस आयरेसला. जे राहिले त्यांच्यात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आरोन हालेव्ही गोल्डमन होते, आणि 23 ऑक्टोबर 1889 हा गावाच्या स्थापनेचा दिवस मानतात. नाव रब्बींनी सुचवलं: किरियात मोशे, मोशेची नगरी. मोशेने लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढलं, तसे आपण झारच्या राज्यातून बाहेर पडलो, हा त्यामागचा भाव. पुढे त्याचं अर्धं स्पॅनिश आणि अर्धं फ्रेंच असं मोइसेस विल झालं.

हे लोक का राहिले, याचं एक उत्तर गरिबी हे आहे. परत जायला भाडं नव्हतं. पण तेवढ्याने मला समाधान होत नाही. शहरात जायला फार पैसे लागत नव्हते, आणि काहीजण गेलेच होते. मला वाटतं, पुरलेल्या मुलांनी त्यांना धरून ठेवलं. आमच्या एका पुनर्वसित वस्तीत सात वर्षं लोकांनी पक्की घरं बांधली नव्हती. नवीन जागेत पहिला अंत्यविधी झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात पायाचे दगड येऊन पडले. मोइसेस विलची दफनभूमी 1891 ची. अर्जेंटिनातली ती पहिली ज्यू दफनभूमी. गावाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण बॅरनपासून सुरुवात करतात. मी तिथून करत नाही, कारण बॅरनचा पहिला पैसा पोचण्याआधीच हे लोक त्या मातीला बांधले गेले होते.

बॅरन मॉरिस द हिर्श मात्र मोठा माणूस, यात शंका नाही. युरोप आणि कॉन्स्टँटिनोपल जोडणाऱ्या रेल्वेमार्गात त्याने संपत्ती कमावली. 1887 मध्ये त्याचा एकुलता मुलगा लुसिएन गेला. त्यानंतर ही सगळी संपत्ती रशियातल्या ज्यूंसाठी वापरायची, हे त्याच्या मनाने घेतलं. आधी त्याने रशियातच शाळा काढण्यासाठी 5 कोटी फ्रँक देऊ केले होते, पण पैसा कसा वापरला जाईल यावर सरकार त्याला हक्क देईना, म्हणून ते फिसकटलं. तेव्हा माणसांनाच बाहेर काढायचं असं त्याने ठरवलं.

अर्जेंटिना त्याच्या डोळ्यांसमोर आणली ती विल्हेल्म लोवेनथाल या डॉक्टरने. अर्जेंटिना सरकारच्या कामासाठी आलेला हा माणूस रेल्वेने प्रवास करत होता. पालासिओसच्या स्टेशनावर त्याने त्या लोकांची दशा पाहिली. तो नुसता हळहळून पुढे गेला नाही. मंत्र्यांकडे तक्रार केली, आणि युरोपात परतल्यावर फ्रान्सचे प्रमुख रब्बी झादोक कान यांच्यामार्फत वसाहतींची सविस्तर योजना हिर्शपर्यंत पोचवली. 1891 मध्ये हिर्शने 20 लाख पौंडांच्या भांडवलावर ज्यू कॉलोनायझेशन असोसिएशन स्थापन केली. वसाहतीतले लोक तिला 'जेवीश' किंवा 'इका' म्हणत. संस्थेने पालासिओसकडून जमीन घेतली आणि मोइसेस विल तिच्या ताब्यात आलं. पुढे अर्जेंटिनात संस्थेकडे सहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन झाली. बॅरनच्या घरातली नावं वसाहतींच्या रूपाने नकाशावर राहिली: बॅरनच्या मुलावरून लुसिएनविल, पत्नीवरून क्लारा, त्याच्या स्वतःच्या नावावरून मौरिसिओ. स्वतः बॅरन अर्जेंटिनात कधीही गेला नाही, आणि 1896 मध्ये तो वारला.

आता आखणीबद्दल. हा माझा विषय, म्हणून इथे थोडा थांबतो. पावसावरची शेती, मोठे पल्ले, म्हणून एका कुटुंबाला 75 ते 150 हेक्टर, म्हणजे 185 ते 370 एकर जमीन. आपल्याला हा आकडा डोळे विस्फारणारा वाटतो, पण त्या गवताळ मैदानात एका जोडीने नांगरायचं आणि गुरंही पोसायची, तर तेवढी लागते. अडचण वेगळीच होती. प्रत्येकाने आपल्या जमिनीवर घर बांधलं तर शेजारी किलोमीटरभर लांब. ज्यू कुटुंबाला हे परवडत नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. शनिवारी लांब चालायला धर्माची मनाई, गाडी जोडायलाही मनाई. त्यांच्या नियमांनुसार जनावर कापणारा माणूस लागतो, मुलांना हिब्रू शिकवणारा लागतो. एकटं घर म्हणजे यातलं काहीच नाही. शिवाय एकट्या घराला धोका होता. पहिल्या सतरा-अठरा वर्षांत मोइसेस विल आणि आसपास वीसहून अधिक वसाहतकरी खुनात मारले गेले. मारणारे बहुधा भटके, हत्यारबंद लोक. शासन दूर, पोलीस नावालाच.

म्हणून इथे एक मधला मार्ग निघाला. जमिनीचे तुकडे लांब पट्ट्यांसारखे आखायचे आणि घरं पट्ट्यांच्या टोकाशी, एकमेकांलगत, रांगेत घ्यायची. या रांगांना घरांच्या संख्येवरूनच नावं पडली: 'चोवीस घरं', 'बारा घरं'. 'चोवीस घरं' वसवली ती रशियन साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या ग्रोद्नोहून 1894 मध्ये आलेल्या मंडळींनी. त्यांच्यात नोए कोसिओविच होता. तो पुढे परत युरोपात जाऊन आणखी कुटुंबं घेऊन आला. शतक बदलताना ग्रोद्नो आणि बियावीस्तोकच्या बाजूची माणसं आली आणि गावाला खरी वस्ती मिळाली. ओळखीचा माणूस जाऊन ओळखीची माणसं घेऊन येतो, ती टिकतात. सरकारी यादीने आलेली अनोळखी कुटुंबं एका ओळीत बसवली की पहिल्या दुष्काळात ओळ मोडते. हे मी नियम म्हणून सांगतो, कारण मला त्याला अपवाद फार थोडे आढळले.

शेतीत सुरुवात गहू आणि जवस यांनी झाली. टोळधाडी आल्या. डबे वाजवून, चर खणून, पत्रे उभे करून लोक त्यांच्याशी झगडले, आणि तरी पीक गेलं. कधी पाऊस नाही, कधी कापणीच्या वेळी नको तेवढा. लसूण घासाने गाव सावरलं. त्याची मुळं खोल जातात, एकदा पेरला की कित्येक वर्षं कापत राहता येतं, जमिनीतला नत्रही वाढतो, आणि गुरं-दुभत्याला तो हक्काचा चारा. मोइसेस विलचे शेतकरी त्याचं गवत आणि बी विकू लागले, गुरं वाढली, दूध वाढलं. आजही सांता फेचा तो पट्टा अर्जेंटिनाच्या मोठ्या दूधपट्ट्यांपैकी आहे. शिंपी, दुकानदार, हिब्रूचे शिक्षक म्हणून आलेली माणसं एका पिढीत घोड्यावर बसून गुरं वळू लागली, माते हा तिथला पानांचा काढा पिऊ लागली, त्यांचे कपडेही गाउचोंसारखे, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांसारखे झाले. त्यांना शेती जमली नाही, असं जो म्हणेल त्याने हा लसूण घासाचा हिशेब पाहावा.

पण पीक आलं की प्रश्न येतो, ते विकणार कोणाला आणि पुढच्या बियाण्याला पैसा कुठून आणणार. 1908 मध्ये गावात ला मुतुआ आग्रिकोला ही सहकारी संस्था निघाली. बी-बियाणं उधार देणं, धान्य एकत्र विकणं, घरच्या वस्तू रास्त दरात आणणं. म्हणजे आपली विविध कार्यकारी सोसायटी, भांडारासकट. याआधी, 1900 मध्येच, एन्त्रे रिओस प्रांतात लुसिएनविलच्या ज्यू शेतकऱ्यांनी अर्जेंटिनातल्या पहिल्या शेती सहकारी संस्थांपैकी एक स्थापन केली होती, आणि 1904 मध्ये क्लारा वसाहतीत दोमिंगेस गावी फोंदो कोमुनाल ही सहकारी संस्था निघाली. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 चाच. जगाच्या दोन टोकांना शेतकऱ्याच्या त्याच अडचणीवर लोक तेच उत्तर शोधत होते, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

सहकाराबरोबर बाकीचं आलं. 1909 मध्ये कादिमा ही सांस्कृतिक संस्था आणि तिचं वाचनालय. त्याच वर्षी ब्रेनर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, 1916 मध्ये कामगारांचं आर्बेटर सिनेगॉग, 1927 मध्ये बॅरन हिर्शच्या नावाचं मोठं सिनेगॉग. 1929 मध्ये कादिमाचं नाट्यगृह उभं राहिलं, आणि राजधानीत यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, नाटक करणारी मंडळं इथे, शेतांच्या मधोमध, येऊन प्रयोग करू लागली. 1943 मध्ये हिब्रू शिक्षक घडवणारं योसेफ द्राझ्निन अध्यापक विद्यालय सुरू झालं आणि देशभरातले विद्यार्थी शिकायला येऊ लागले. चाळीसच्या दशकात वस्ती पाच हजारांच्या घरात होती. या गावाला लोक अर्जेंटिनाचं जेरुसलेम म्हणत. गावातल्या काही कॅथलिक शेजाऱ्यांना यिडिश बोलता येत असे. तीन सिनेगॉग, नाट्यगृह, वाचनालय, सोसायटी: हे सगळं बॅरनच्या यादीत नव्हतं. लोकांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून केलं. म्हणूनच मी सांगतो, जमीन संस्थेने दिली, गाव लोकांनी वसवलं.

मग लोक गेले का? मूळ प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर जमिनीच्या करारात दडलेलं आहे.

संस्थेने जमीन दान दिली नव्हती. वीसएक वर्षांच्या हप्त्यांवर, व्याजासह दिली होती. सगळे हप्ते फिटेपर्यंत मालकीचा कागद नाही. यात गैर काही नाही. पण शेतकऱ्याला चांगली दोन वर्षं आली आणि त्याने सगळी रक्कम एकदम भरून मोकळं व्हायचं म्हटलं, तर संस्था तयार नसे. तिला भीती होती की मालकी हातात आली की हे लोक जमीन विकून शहरात जातील. मौरिसिओसारख्या वसाहतींत यावरून मोठा संघर्ष झाला, प्रकरणं न्यायालयात गेली. या भीतीमागची काळजी मी समजू शकतो, कारण वाटपाची जमीन पाच वर्षांत दलालाच्या घशात गेलेली मीही पाहिली आहे. विक्रीवर बंधन हवंच. पण माणसाला वीस वर्षं ताबेदार ठेवून मालकासारखं झाड लावायची अपेक्षा करता येत नाही. विहीर कोण खणेल, बांध कोण घालेल, कुंपणाला पैसा कोण घालेल?

आणि दुसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी चूक: मुलांसाठी जमीन नव्हती. बापाला 75 हेक्टर, मुलगे तीन. कागद बापाच्याही नावावर नाही, तर वाटणी कशाची करणार? जवळपास संस्थेची मोकळी जमीन असली तरी ती पुढे येणाऱ्या स्थलांतरितांसाठी राखून ठेवलेली. वसाहतीत वाढलेल्या, गुरं कळणाऱ्या, हवामान कळणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला नाही, आणि ओडेसाहून येणाऱ्या, नांगर कधी न धरलेल्या माणसाला मात्र हो. पॅरिसच्या कचेरीत बसलेल्यांना हे न्याय्य वाटलं, कारण त्यांचं काम संकटातल्या माणसांना सोडवण्याचं होतं. त्या अर्थाने त्यांनी हजारो जीव वाचवले, आणि हिटलरच्या काळात या वसाहतींत आसरा मिळालेल्या जर्मन ज्यूंना विचारलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं. पण गाव दुसऱ्या पिढीवर टिकतं, आणि दुसऱ्या पिढीचा रकाना त्यांच्या वहीत नव्हताच. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या खातेवाटपात हीच चूक झाली. कुटुंब मोजलं ते एका तारखेचं; त्या दिवशी बारा वर्षांचा असलेला मुलगा कागदावर कायमचा बारा वर्षांचाच राहिला.

तिसरी गोष्ट शाळा. संस्थेने वसाहतींत शाळा काढल्या, पुढे त्या सरकारकडे गेल्या, आणि मुलं चांगली शिकली. जमीन वाट्याला येणार नाही हे दिसत असताना बापाने मुलाला रोसारिओ, कोर्दोबा, बुएनोस आयरेसला शिकायला पाठवलं, यात नवल काय? आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर कापले, अशा अर्थाची एक म्हण या वसाहतींत आहे. लोक ती अभिमानाने सांगतात, आणि तो रास्त आहे. पुढे यंत्रं आली, कमी हातांत जास्त जमीन निघू लागली, 1948 नंतर काही तरुण इस्राएलला गेले. पण ही कारणं नंतरची. शेजारच्या इटालियन वंशाच्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही शहराने ओढलंच की. जगभरचीच खेडी त्या काळात रिकामी होत होती. ज्यू म्हणून शेती सोडली, असं यातून काढता येत नाही.

आज मोइसेस विल अडीच हजार वस्तीचं गाव आहे. त्यात ज्यू साधारण दहातला एक. 1999 मध्ये अर्जेंटिनाने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वसाहत म्हणून जाहीर केलं, आणि 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. रब्बी गोल्डमन यांच्या नावाचं संग्रहालय 1985 पासून आहे. शहरात गेलेल्या घरांची शेतं शेजाऱ्यांनी घेतली किंवा खंडाने कसायला ठेवली. गावात एम्पानादा हा अर्जेंटिनाचा सारण भरलेला पदार्थ आणि श्ट्रुडल हा युरोपातून आलेला गोड पदार्थ दोन्ही मिळतं, आणि ते बनवणारे हात कोणत्या धर्माचे आहेत हे कोणी विचारत नाही.

तुम्ही कधी गेलात तर सुरुवात नाट्यगृहापासून करू नका, जरी सगळे तिथे नेतात. आधी पालासिओसच्या स्टेशनावर जा. रुळांच्या बाजूला थोडा वेळ उभे राहा, आणि मग मोइसेस विलच्या दफनभूमीत. तिथून बाहेर पडल्यावर गावातली बाकीची प्रत्येक इमारत कोणत्या क्रमाने आणि कशासाठी उभी राहिली ते तुम्हाला आपोआप दिसेल.